पायरीवरचं ऑफिस

कोजागरीच्या रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन गोष्टी हमखास घडतात. आटवायला ठेवलेलं दूध खाली लागतं, आणि साडेअकराच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरचे काका 'भातुकलीच्या खेळामधली' म्हणतात. दुधात एखाद्या वर्षी सुधारणा होते.

काका बँकेतून निवृत्त झालेले. आवाज थकलेली कर्जं वसूल करण्यात घडलेला, त्यामुळे भावगीतातही तगाद्याची एक छटा उतरते. काळी एक की पांढरी दोन, हा प्रश्न त्यांना पडत नाही. ते दोन्हींच्या मधून वाट काढतात. अलीकडे मुलाने त्यांना कराओकेचं यंत्र आणून दिलं आहे. ते यंत्र वेळ झाली की पुढच्या कडव्याला निघून जातं आणि काका मागच्याच कडव्यात एकटे उरतात. गाण्याचा विषय बघता याला दोष तरी कसा द्यावा?

काकू पहिल्या रांगेत, खुर्चीवर, पायांवर शाल घेऊन. काकांची खरी पंचाईत इथे होते. राणी निघून गेल्याचं गाणं, आणि राणी समोरच बसलेली. कुठेही न गेलेली, उलट 'स्वेटर घाला' अशी खूण करणारी. मग काका पाण्याच्या टाकीकडे बघून गातात. एकोणतीस वर्षं मी बघतोय, त्या टाकीला त्यांनी जितकं आर्त आळवलंय तितकं कुणी कुणाला आळवलं नसेल.

पण गाणं संपलं की गच्चीवर काहीतरी होतं खरं. टाळ्या लगेच पडत नाहीत. पेल्यातलं दूध कुणी पीत नाही. आमचे सेक्रेटरी मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं फलकावर लावताना आजवर कधी हळवे झाले नाहीत, पण तेही चष्मा काढून उगाच पुसतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी 'हं' म्हणतात. नुसतंच 'हं'. ते त्या रात्रीचं सर्वांत मोठं भाषण असतं.

यंदा त्या शांततेत मी सहज माणसं मोजली. चाळीसएक होती. त्यातली पस्तीस तरी माझ्या माहितीप्रमाणे पत्रिका जुळवून, कांदेपोहे खाऊन, याद्या करून संसाराला लागलेली. ज्याची त्याची राणी ज्याच्या त्याच्या शेजारी बसलेली. मग गेली कुणाची? एवढा हा सामुदायिक विरह आला कुठून?

मी स्वतः त्या पस्तिसांतलाच. पहिलीच मुलगी बघितली, पोहे चांगले होते, होकार देऊन टाकला. ते पोहे तिच्या वहिनीने केले होते हे लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं. एवढा एक प्रसंग सोडला तर माझ्या आयुष्यात प्रेमभंग म्हणावं असं काही झालेलं नाही. तरीही काका दुसऱ्या कडव्याशी आले की माझ्या घशात आवंढा येतो. एखाद्याने न काढलेल्या कर्जाचे हप्ते इमानेइतबारे भरावेत, तसा मी दर कोजागरीला हा आवंढा गिळतो.

*

या गाण्याची आणि माझी पहिली ओळख गैरसमजातून झाली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असायचा. त्याच्या जाळीवर फोडणीचा एक पिवळट थर कायमचा बसलेला. 'आपली आवड' लागलं की आई कणीक मळता मळता ऐकायची आणि मी पाटावर बसून पाढे लिहायच्या निमित्ताने ऐकायचो. या गाण्यात एक डाव मोडतो. आता आमच्या घरात डाव म्हणजे आमटी वाढायचा. पितळी, लांब दांड्याचा. त्याचा दांडा वाटीशी खिळखिळा झालेला होता आणि तो कधीतरी मोडणार याची चर्चा घरात नेहमी व्हायची. त्यामुळे ते गाणं मला पहिल्याच ऐकण्यात पुरतं समजलं.

भातुकली चालली आहे. स्वयंपाक झाला आहे. पानं मांडली आहेत. आणि ऐन वाढायच्या वेळी डाव मोडतो! मग खेळ पुढे जाणार कसा? राजा उपाशी राहणार. राणीच्या डोळ्यांत पाणी येणार, कारण भातुकलीतला डाव मोडला म्हणून घरी बोलणी बसणार. या कथेत मला कुठेही गूढ वाटलं नाही. उलट एक प्रश्न सारखा पडायचा: कुणीतरी कासाराकडे जाऊन डाख का लावून आणत नाही? एखादा कल्हईवाला वेळेवर दारावरून गेला असता, तर मराठी भावगीतातली मोठी शोकांतिका टळली असती, असं माझं ठाम मत होतं.

डाव म्हणजे खेळाचा डाव, हे पुढे कधीतरी कळलं. कुणी समजावून सांगितलं नाही. असे गैरसमज दाढीमिशांबरोबर आपोआप सरतात. पण तो आमटीचा डाव माझ्या मनातून अजून पूर्ण गेलेला नाही. आणि आता वाटतं, माझं फार चुकत नव्हतं. माणूस निघून गेल्यावर मागे भांडीच तर उरतात.

मंगेश पाडगावकरांनी या गाण्यात एक गंमत केली आहे, ती ऐकताना पटकन लक्षात येत नाही. भातुकलीत राजा-राणी नसतातच. भातुकलीत आई-बाबा असतात, पाहुणे असतात, बाहुला-बाहुलीचं लग्न लागतं, फार तर एखादी खाष्ट सासू असते. चुरमुऱ्यांचा भात, मेंदीच्या पानांची भाजी, विटकरीचं तिखट आणि खोबऱ्याच्या तुकड्याचं पक्वान्न. राजाला इथे कोण विचारतो? राणीने कधी चूल सारवल्याचं ऐकलंय? राजा-राणी राहतात आजीच्या गोष्टीत. दुसरी एक जोडी राहते पत्त्यांच्या कॅटमध्ये. आणि डाव मोडतो तो पत्त्यांचा, सोंगट्यांचा. पाडगावकरांनी अंगणातली भातुकली, आजीची गोष्ट आणि पत्त्यांचा कॅट असं सगळं एकाच टोपलीत भरलं. आपल्याला ते खटकत नाही, कारण आपल्या आठवणीतही हा पसारा असाच एकत्र पडलेला असतो. बोळक्याच्या आत इस्पिकची राणी सापडावी, तसा.

पाडगावकर वेंगुर्ल्याचे, १९२९ सालचा जन्म. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी काही फार लांब नाही, आणि सावंतवाडीची चितारआळी म्हणजे लाकडी खेळण्यांची पंढरी: लाल-पिवळ्या रंगांची जाती, पोळपाट, खरी वाटणारी लाकडी केळी. भातुकलीचं गाणं लिहिणारा कवी भातुकलीच्या मुलखातच जन्मला, एवढंच यातून सिद्ध होतं. म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. पण मला आपलं ते बरं वाटतं.

चाल यशवंत देवांची आणि गळा अरुण दात्यांचा. दाते इंदूरचे. वडील रामूभैया म्हणजे गाण्याचे नामांकित दर्दी, आणि मुलाचे सुरुवातीचे धडे कुमार गंधर्वांकडे. असा मुलगा मुंबईला येऊन शिकला काय, तर टेक्स्टाइल इंजिनिअरिंग! नोकरीही पुढे बरीच वर्षं कापडाच्या धंद्यात. मला यात विसंगती दिसत नाही. त्यांचं गाणं ऐका; सूत कुठे ताणलेलं नाही, कुठे गाठ नाही, आणि कापड अंगाला टोचत नाही. देवांनी तर 'शब्दप्रधान गायकी' या नावाचं पुस्तकच लिहिलं. भावगीतात शब्दाने पुढे चालावं आणि सुराने त्याच्या मागून, त्याची पिशवी धरून, असा काहीसा माझ्या समजुतीतला त्याचा मथितार्थ. भातुकलीच्या गाण्यात ते नीट दिसतं. एखाद्याने तिथे तान घेतली असती तर? राणी निघून जातेय आणि राजा तान घेतोय! आमचे काका एका वर्षी घेऊन बसले होते. काकूंनी नंतर आठ दिवस त्यांच्याशी त्या विषयावर बोलायचं टाळलं.

याच तिघांनी 'या जन्मावर' हेही गाणं केलं, जगण्यावर जीव लावायला सांगणारं. ते निरोप समारंभात म्हणतात, शाळेत म्हणतात, फलकावर सुवाच्य अक्षरात लिहितात. सकाळी दहाला कुणाला गाणं सुचवायला सांगा, तो हेच सुचवेल. रात्री साडेअकराला मात्र फर्माईश भातुकलीचीच येते. पाडगावकर २०१५ च्या डिसेंबरात गेले. २०१८ च्या मे महिन्यात दाते गेले, चौऱ्यांशीवा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर देव गेले, ब्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्या वर्षीच्या कोजागरीला काकांनी गाण्याआधी दात्यांसाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं होतं. देव तेव्हा होते.

*

विरहाच्या गाण्याला एरवी एखादा खलनायक लागतो. आपल्या ओव्यांत सासू असते, लावणीत बिचाऱ्या बाईला विसरून परगावी रमलेला राया असतो, पडद्यावरच्या गाण्यात श्रीमंत बाप असतो आणि तो जिन्यावरून उतरतो. साहेबाच्या देशातही तेच. 'बार्बरा ॲलन' नावाचं एक जुनं स्कॉटिश कथागीत आहे. सॅम्युअल पीप्स या लंडनच्या गृहस्थाने ते एका नटीच्या तोंडून ऐकलं आणि १६६६ सालच्या २ जानेवारीच्या रोजनिशीत लिहून ठेवलं, इतकं जुनं. त्यात एक तरुण मरणाला टेकलेला असतो, तो बार्बराला बोलावणं पाठवतो. ती सावकाश येते. का, तर त्याने पूर्वी मद्यालयात सगळ्यांच्या नावे प्याला उचलला आणि हिच्या नावे उचलला नाही! मग तो मरतो, घंटा वाजते, तेव्हा हिला कळतं आणि हीही जाते. एकाच्या थडग्यावर गुलाब उगवतो, दुसऱ्याच्या थडग्यावर काटेरी वेल, आणि दोन्ही वर जाऊन एकमेकांत गुंततात. सगळा हिशेब चुकता. कुणाचं चुकलं, कधी चुकलं, शिक्षा काय, भरपाई काय. आमच्याकडे थडगी नाहीत, त्यामुळे गुलाबाची सोय नाही, हे एक. पण पाडगावकरांच्या गाण्यात चूकच नाही. बाप नाही, जात नाही, हुंडा नाही, रागारागाने उचललेला किंवा न उचललेला प्याला नाही. राणी का गेली? गाणं सांगत नाही. राजा विचारतो, तर राणीलाही उत्तर देता येत नाही.

ही जागा पाडगावकरांनी मोकळी सोडली म्हणूनच चाळीस माणसांना तिथे बसता येतं. तिथे एखादा कजाग बाप आणून बसवला असता, तर आमचे सेक्रेटरी म्हणाले असते, 'माझ्या सासऱ्यांचा स्वभाव चांगला होता, माझा या गाण्याशी संबंध नाही.'

पण नुसत्या मोकळ्या जागेने आवंढा येत नाही. यंदा गच्चीवर माणसं मोजता मोजता मी शब्दांकडेही जरा लक्ष दिलं, आणि इतकी वर्षं जे कानावरून जात होतं ते अडकलं. गाण्यात दोघं आहेत, पण दोघांची घड्याळं वेगळी आहेत. राजा आपल्याच तंद्रीत. तिच्या तळहातावरच्या रेषा, त्याचं नशीब, न बोलता समजणारी भाषा वगैरे. आणि त्याच वेळी राणीचे डोळे भरून येतात, कारण तिला ठाऊक आहे. ती लांबच्या एका ताऱ्याकडे बघून सांगूनही टाकते की उद्या वाट वेगळी, गाव वेगळं. सांगते! लपवत नाही. आणि राजाला ते कळतं कधी? उशिरा.

न बोलता भाषा समजते म्हणणाऱ्याला बोललेलं समजत नाही. मला तर इथे हसूच आलं. आणि हसता हसता तो आवंढा नेहमीपेक्षा मोठा आला.

निरोप तर सगळेच घेतात. रोज घेतात, आमच्या खालच्या बसथांब्यावर सकाळी सात ते दहा निरोपांशिवाय दुसरं काही होत नाही. दुखतं ते निरोपाचं नाही. समोरचं माणूस निरोप घेत होतं आणि आपण त्याच्या हातावरच्या रेषा वाचत बसलो होतो, हे नंतर आठवतं ते दुखतं. यासाठी प्रेमभंग व्हावा लागत नाही. वडील शेवटचे आमच्याकडे राहायला आले तेव्हा निघताना म्हणाले होते, 'या वेळी आंब्याचं रोप लावलंय परसात, फळ धरायला पाच वर्षं लागतील, तू खा.' मी म्हटलं होतं, 'बाबा, गाडी सुटेल.' दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या 'हं'मध्ये कोण आहे मला माहीत नाही. पण ते माणूस काहीतरी बोललं असणार, आणि आजी तेव्हा बहुतेक दूध बघायला आत गेल्या असणार.

*

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी बायकोला ऐकवलं. ती मेथी निवडत होती. मेथी निवडताना ती कुठलंही तत्त्वज्ञान ऐकून घेते. भेंडीच्या वेळी मात्र नाही.

'एवढं सगळं त्या गाण्यातून निघालं?' ती म्हणाली. 'मला वाटलं तुम्हाला कुणीतरी आठवते म्हणून रडू येतं.'

'कोण?'

'ते मला काय माहीत? आठवा की.'

तेहतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोनेच अशी मुभा दिली तर नाही म्हणणं बरं दिसत नाही. आम्ही दोघांनी मिळून शोधायला सुरुवात केली.

पहिलं नाव निघालं दहावीतल्या एका मुलीचं. बोर्डाच्या परीक्षेत भूमितीच्या पेपराला तिने मला तिचं करकटक दिलं होतं.

'मग?'

'ते परत द्यायचं राहिलं.'

'म्हणजे गेलं ते तिचं. हा विरह तिच्याकडे मोजायचा.'

मग कॉलेजच्या लायब्ररीतली एक. मी जे पुस्तक घ्यायला जावं ते आधीच तिच्या नावावर असायचं. एक वर्ष मी याला योगायोगापेक्षा अधिक काहीतरी मानत होतो. शेवटी कळलं, ती पुस्तकं तिच्या मोठ्या भावाची, आणि तोही माझ्याच वर्गात. बायकोने हे नाव जुडीच्या देठांबरोबर बाजूला टाकलं.

तिसरी होती नोकरीच्या पहिल्या वर्षातली, आठ बाराच्या लोकलची. ती घाटकोपरला उतरायची. पावसाळाभर मी तिला बघितलं. मग एक दिवस ती दिसेनाशी झाली.

'तिने तुम्हाला बघितलं होतं का कधी?'

मी विचार करून सांगितलं, 'गर्दी फार असायची.'

'अहो,' ती म्हणाली, 'याला प्रेम नाही म्हणत, रेल्वेचा पास म्हणतात.'

तेवढ्यात मला सुचलं की हा चौकशी आयोग एकतर्फी चाललाय. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, 'आणि तुझं काही?'

'आहे की,' ती म्हणाली.

निवडलेली मेथी परातीत, देठं पेपरावर. मी वाट बघितली. पुढे काही आलं नाही.

'कोण?'

'सांगेन कधीतरी. तुम्हाला कळायला तसाही उशीरच लागतो.' आणि ती परात घेऊन नळाखाली गेली. मेथी तीन पाण्यांतून धुवावी लागते. तिसऱ्या पाण्यानंतर ती तिथूनच म्हणाली, 'एवढे राजा व्हायला निघालात, भातुकली तरी खेळलात का कधी?'

खेळलो होतो. आणि हे मला इतकी वर्षं सुचलंच नव्हतं.

कऱ्हाडला आमचा वाडा होता. परसदारी तीन दगडी पायऱ्या आणि पुढे कडुनिंब. माझी आतेबहीण सुट्टीला येऊन राहायची; ती ताई, आणि वाड्यातल्या एका बिऱ्हाडकरूंची मुलगी, अशा दोघींची भातुकली दुपारभर चालायची. त्या मुलीचे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. मी सात वर्षांचा, ती आठेक. त्यांना एक बाबा हवा होता, म्हणून मला घेतलं. बाबाला काम एकच: ऑफिसला जायचं. ऑफिस म्हणजे खालून पहिली पायरी. तिथे जाऊन मी बसायचो. फुटक्या पाटीचा एक तुकडा माझी फाईल होती. तिच्यावर आणि कडुनिंबाच्या पानांवर मी सह्या करायचो. पानं संपली की पुन्हा गोळा करून त्यांवरच. दोघी आत स्वयंपाक करायच्या, भांडायच्या, बोळकी घासायच्या, आणि त्यांना वाटेल तेव्हा ती मुलगी दारात येऊन ओरडायची, 'ऑफिस सुटलं!' मग मी आत जायचो, बिनपाण्याचे हात धुवायचो, चुरमुऱ्यांचा भात जेवायचो आणि 'मीठ कमी आहे' म्हणायचो. आमचे खरे बाबा म्हणायचे म्हणून.

एका दुपारी तिने मला वाढलं आणि म्हणाली, 'आम्ही उद्या पंढरपूरला जाणार. बाबांची बदली झाली.'

मी भूमिकेत होतो. मी म्हटलं, 'बरं. मग उद्या मी ऑफिसातून लवकर येतो.'

तिने माझ्याकडे बघितलं, मग कौलांकडे. तारा वगैरे नव्हता. दुपारचे चार वाजले असतील.

सकाळी ट्रक आला. मी त्यात एक बादली चढवू लागलो, त्याबद्दल तिच्या आईने मला पेपरमिंटची गोळी दिली. ट्रक निघाला तेव्हा इतरांबरोबर मीही हात हलवला. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. आणि दुपारी जेवून ऑफिसला गेलो. पायरीवर बसलो, सह्या केल्या. त्या दिवशी पानं पुष्कळ पडली होती, काम बरंच साचलेलं. ऊन पायरीवरून उतरलं, कडुनिंबाच्या बुंध्यावर गेलं, मग तिथूनही गेलं. दिवेलागणीला ताई मला शुभंकरोतीला बोलवायला आली.

'अरे, इथे काय करतोयस?'

'अजून सुटलं नाही,' मी म्हटलं.

ती पोट धरून हसली आणि पळत जाऊन घरात सगळ्यांना सांगून आली. मीही त्यांच्याबरोबर हसलो. रडलो वगैरे अजिबात नाही. कळलंच नव्हतं काही. कळलं असेल ते पुढे हप्त्याहप्त्याने.

हे सांगून होईपर्यंत बायको ओट्याशी पाठमोरी होती. लसूण ठेचायचा आवाज मधेच थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

'म्हणजे मीठ कमी आहे म्हणायची सवय तेव्हापासूनची,' ती म्हणाली.

मी बाल्कनीत जाऊन बसलो. समोरच्या इमारतीच्या टाकीवर आदल्या रात्रीचाच चंद्र, कडेला जरासा खाल्लेला. खालच्या मजल्यावर काका नुसतंच गुणगुणत होते, कराओकेशिवाय. आणि नवल म्हणजे त्यांना सूर सापडला होता. कोण ऐकत होतं कुणास ठाऊक. आत फोडणी बसली. मग थोड्या वेळाने पातेल्याच्या काठावर डाव आपटल्याचा आवाज आला, दोनदा, चिकटलेलं झटकताना येतो तसा.

'ऑफिस सुटलं असेल तर ताटं घ्या.'

मी ताटं घेतली. आमटीत मीठ कमी होतं. बोललो नाही.